आवाज बंद करून वाजलेलं गाणं

“वहिनी, एक सांगतो, रागावू नका. घरच्या मंडळींना म्हणावं, गाणं एकदाच ऐका, पण ऐका. नुसतं लावून ठेवू नका.”

कानसेन हे बोलला तेव्हा ती बाळाच्या तोंडातून माइकच्या वायरचं टोक काढून घेत होती. कानसेन म्हणजे रेकॉर्डिस्ट. स्वतःला गाता येत नाही, पण दुसऱ्याचा सूर केसभर घसरला तरी दाढ दुखल्यासारखा चेहरा करतो, म्हणून मित्रांनी ठेवलेलं हे नाव. त्याचा स्टुडिओ म्हणजे राहत्या घरातली आतली खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर कांबळं, आणि पंखा बंद, कारण पंखा गाण्यात येतो. त्या उकाड्यात तिचा नवरा हेडफोन लावून, डोळे मिटून, स्वतःचं गाणं शेवटचं तपासत बसला होता. या दोघांचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं.

“म्हणजे?” तिने विचारलं.

“म्हणजे लोक काय करतात, प्रेमापोटी फोनवर गाणं लावतात, आवाज बंद करतात आणि फोन देतात ठेवून. दिवसभर तेच ते वाजत राहतं. आकडा वाढतो. पण आपण जिच्यामार्फत गाणं सगळीकडे पाठवतो ना, ती कंपनी डोळ्यांत तेल घालून बसलेली असते. त्यांना वाटतं, लबाडी चाललीये. माझ्या एका गिऱ्हाइकाचं गाणं असंच उडवलं.”

तिला हसू फुटलं. “अहो भाऊजी, बाजारात तुरी म्हणतात ते हेच. इथे ऐकायला चिटपाखरू नाही आणि तुम्हाला जास्त वाजण्याची काळजी!”

“बघा बुवा. सांगायचं काम केलं,” असं म्हणून कानसेनने खांदे उडवले आणि बाळापासून दुसरी वायर वाचवली.

आता तिचा नवरा कोण, तर लिफ्ट दुरुस्त करणारा. मेंटेनन्सच्या कंपनीत नोकरी, शहराचा एक तुकडा त्याच्या वाट्याला. सकाळी पिशवीत पाने, ग्रीसचा डबा, चिंध्या, टॉर्च भरायचा आणि दुचाकीला लाथ मारायची. लिफ्टचं दार मिटत नाही अशी तक्रार आली की बहुतेक वेळा दाराखालच्या खाचेत काहीतरी अडकलेलं असे. खडा, केसांची पिन, कुणा पोराच्या खेळण्याचा मणी. तो ते उकिडवा बसून काढायचा. लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर आधी दाराला तोंड लावून बोलायचा. “घाबरू नका, मी आलोय. एक गाणं म्हणतो, ते संपायच्या आत दार उघडेन.” एकदा एका बाईंनी आतूनच सुनावलं, “गाणं घरी जाऊन म्हणा हो, आधी दार उघडा!” हा किस्सा तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच पोट धरून हसायचा.

गाणी मात्र तो रचायचा हेल्मेटच्या आत. दुचाकी चालवताना. ती मागे बसलेली असली की तिला ते घुमल्यासारखं ऐकू यायचं, विहिरीत कोणी बोलतंय तसं. सिग्नलला थांबले की शेजारचे वळून बघायचे. तिला पहिल्यांदा लाज वाटायची. मग सवय झाली, आणि पुढे तर तो गप्प चालवत असला की तीच त्याच्या पाठीवर टिचकी मारायची. “काय, आज स्टेशन बंद?”

लग्नाआधीपासून पाच मित्रांचा बँड होता. गाणी याची, गळा दुसऱ्याचा. त्या गाणाऱ्याला सगळे ‘गळा’च म्हणत. दिसायला देखणा, आवाज मधासारखा, आणि टाळ्या पडल्या की असा वाकायचा, जणू शब्दही त्यालाच झोपेत सुचले असावेत. लोक गाणी गळ्याचीच समजत. हा मागे गिटार धरून उभा. त्याला त्याचं काही वाटत नाही असं तो म्हणायचा, आणि माणूस जे इतक्यांदा म्हणतो ते बहुधा खोटं असतं. मग गळा मोठ्या लोकांत गेला. भांडण नाही, तंटा नाही. फोन कमी झाले, मग वाढदिवसापुरते उरले, मग तेही नाहीत. बँड मेला आणि कुणी रडलंसुद्धा नाही.

ती तेव्हा गरोदर होती. त्या महिन्यांत तो कामावर जायचा, यायचा, जेवायचा, भांडी विसळायचा. सगळं वेळेवर. फक्त बोलायचा नाही.

“काय झालंय?”

“काही नाही.”

“काहीतरी झालंय.”

“अगं, काही नाही म्हणतोय ना.”

एका संध्याकाळी दुचाकीचा आवाज आला, पण तो वर आला नाही. चहा निवला. ती पोट सावरत जिना उतरली तर हा तळमजल्याच्या पायरीवर बसलेला, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा न काढता. काच खाली. “वर ये ना,” ती म्हणाली. “येतो. जरा बसतो,” आतून आवाज आला. ती त्याच्या शेजारी बसली. येणारे जाणारे त्या दोघांना वळसा घालून जात होते. त्या दिवसापासून तिची झोप सावध झाली. एक कान पोटाकडे, एक त्याच्याकडे.

बाळ झालं आणि तो हळूहळू, पाण्याखालून वर यावा तसा, वर आला. एके दिवशी लंगोटांच्या घड्या घालता घालता म्हणाला, “एक गाणं करतोय. माझ्या आवाजात, माझ्या नावाने. एकच. कोणी ऐकलं तर पुढचं करेन. नाहीतर गप्प बसेन.”

केस कापून यावेत का, असं म्हणावं इतक्या सहज म्हणाला. पण ‘गप्प’ हा शब्द तिच्या मनात खाचेतल्या खड्यासारखा अडकला.

गाण्याचं नाव ‘मधला मजला’. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाचं गाणं. कंपनीकडे पाठवायची माहिती तिनेच भरली, कॉलेज शिकलेली म्हणून ते काम तिच्याकडे. शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा. तिने तिन्ही ठिकाणी त्याचं नाव टाकलं. तो मागून वाकून बघत होता.

“तिन्हीकडे मीच? जरा जास्त नाही का वाटत?”

“मग काय, मध्ये एखाद्या ठिकाणी गळ्याचं नाव घालू?”

“नको, नको,” तो घाईने म्हणाला आणि दोघंही हसली. गाण्यावर लावायचा फोटोही तिचाच. अर्धवट मिटलेल्या लिफ्टच्या दारातून दिसणारा त्याचा अर्धा चेहरा. फोटो काढताना लिफ्ट अडवून धरली म्हणून वरच्या मजल्यावरचे आजोबा ओरडले होते.

ज्या सकाळी गाणं बाहेर पडलं, त्या सकाळी तो अंघोळीआधीच फोन घेऊन बसला होता.

“आलं!” तो ओरडला.

“काय, दूध?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“आई, गाणं आलं, गाणं!”

“बरं झालं. दूध पण बघ रे, अजून आलं नाही.”

घराण्याच्या ग्रुपवर त्याने गाणं टाकलं. लगेच अंगठे, फुलं, फुगे, नाचणारी अस्वलं. मामांचा निरोप सगळ्यांत मोठा, ‘जबरदस्त! काळजाला भिडलं!’ तो निरोपाची वेळ बघत राहिला.

“मामांनी गाणं संपायच्या आत अभिनंदन केलंय.”

“लगेच आवडलं असेल.”

“हो. सुरू व्हायच्या आधीच आवडलेलं दिसतंय.”

म्हणाला हसतच. किती वेळा वाजलं तो आकडा गाण्याखाली दिसत होता. “यातले निम्मे माझे आणि निम्मे कानसेनचे,” तो म्हणाला, आणि पिशवी उचलून कामावर गेला. संध्याकाळीही आकडा तिथेच. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्याने हात धुतले, बाळाला घेतलं, फोनकडे बघितलं नाही. म्हणजे जिन्यातच बघून आला होता, हे तिला कळलं.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही.”

तिचे हात कणकेत तसेच थांबले.

दुसऱ्या दिवशी तो दाराबाहेर पडताच तिने नणंदेला फोन लावला. नणंद म्हणजे कामाला वाघ. तिला लग्न द्या, घर बदलणं द्या, निवडणूक द्या, ती कंबर कसून उभी. “अगं, आधी नाही का सांगायचंस! माझ्या भावाचं गाणं काय असं पडून राहील?” दुपारपर्यंत नवा ग्रुप तयार झाला, त्याला वगळून. नणंदेने सूचना लिहिल्या. गाणं लावा, ते संपलं की आपोआप पुन्हा सुरू होईल असं ठेवा, आवाज बंद करा, फोन चार्जिंगला लावा, आपापल्या कामाला लागा. झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या मामांकडे जुने फोन होते, बिघडलेल्या काचांचे. ते त्यांनी गल्ल्यामागे ओळीने मांडले. दुकानातला कॉम्प्युटरही कामाला लावला. मामी, आत्या, आत्याची सून, सगळ्या जणी जुंपल्या.

सासूबाई म्हणाल्या, “मला कुठे दाबायचं तेवढं दाखव.”

तिने त्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात ठेवला. बाळाची झोप मोडायची, म्हणून आवाज बंद.

“आवाज नाही, मग वाजतंय हे कसं कळायचं?”

“ही बारीक रेघ पुढे सरकतेय ना, ती बघा.”

“हां. सरकतेय की!” त्यानंतर चमचा काढायला खण उघडला की सासूबाई डोकावायच्या आणि समाधानाने म्हणायच्या, “सरकतंय गं, सरकतंय.”

कानसेनचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि तिने ते उडवून लावलं. जगात एवढी गाणी, एवढी घरं; आमच्या चमच्यांच्या खणात कोण वाकून बघणार?

आकडा हलला. मग चालू लागला. मग धावू लागला.

आणि तो! तो आता जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायचा. दाढी वेळेवर. हेल्मेटमधलं स्टेशन पुन्हा सुरू. एक दिवस जेवताना म्हणाला, “एक गंमत सांगू? आपलं गाणं सगळ्यांत जास्त दुपारी वाजतं, आकडा तेव्हाच पळतो. दुपारी कोण ऐकत असेल?”

ती बाळाला भरवत होती. तिने मान वर केली नाही. “असेल कोणीतरी.”

“मला वाटतं, रात्रपाळीचा माणूस आहे. दुपारी झोपायचं असतं त्याला, पण झोप येत नाही. मग पडल्या पडल्या लावतो. संपलं की परत लावतो. एकच माणूस असेल गं हा, सारखा ऐकणारा. मला कळतं ते.”

“हो का,” सासूबाई म्हणाल्या आणि खणाकडे बघून सुनेला डोळ्याने खूण केली. त्यांना त्यात मौज वाटत होती. लेकरासाठी गुपचूप खाऊ आणून ठेवल्यासारखी.

रस्त्यात कानात वायर घातलेलं कोणी दिसलं की तो दुचाकी हळू करायचा. “ती मुलगी बघ, मान कशी हलवतेय. ठेका आपलाच आहे!” ती मागे बसून त्याच्या पाठीला धरून ठेवायची. सांगून टाकावं असं तिला दर वेळी वाटे. पण त्याने नवं गाणं धरलं होतं, त्या दुपारच्या माणसासाठी. सुधारलेल्या दुखणेकऱ्याला औषधात साखरच होती हे सांगायला जीभ कशी रेटावी? सांगू, ती म्हणायची. दुसरं गाणं पुरं होऊ दे, मग सांगू.

तिने स्वतः ते गाणं नीट बसून ऐकायचंही राहूनच गेलं होतं. एकदा कानात लावलं, तर बाळ उठल्याचा भास झाला आणि तिने एक कान मोकळा केला. मग दोन्ही केले. ऐकायचं काय त्यात? घरात रचलं तेव्हा शंभरदा कानावर पडलेलं. तिच्याच समोर झालेलं गाणं.

नणंदेचा वाढदिवस रविवारी आला. दुपारी जमायचं ठरलं मामांकडे, कारण त्यांची खोली मोठी आणि टीव्ही त्याहून मोठा. सगळी मंडळी आली. केक आला, कागदी टोप्या आल्या, बाळाने एका टोपीचा लगदा केला. नणंदेने टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

“मला आज भेटवस्तू नको. माझ्या भावाचं गाणं या मोठ्या टीव्हीवर लावा. एकदम मोठ्या आवाजात. सगळ्यांनी मिळून ऐकायचं.”

त्याचे कान लाल झाले. “ताई, कशाला उगाच,” म्हणत तो केस सारखे करून बाळाला मांडीवर घेऊन पुढे येऊन बसला. मामांनी रिमोट उचलला.

“नाव काय रे गाण्याचं?”

तो एक क्षण मामांकडे बघत राहिला. “मधला मजला.”

“हां हां, मजला. माहीत आहे, अगदी ओठांवर होतं.” मामांनी एकेक अक्षर टाकलं. “सापडत नाहीये.”

“तुम्ही ‘मसाला’ लिहिलंय,” मामी म्हणाल्या. सगळे हसले. मामांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही. मग ज्याने त्याने आपापला फोन काढला. नणंदेच्या फोनवर गाण्याचं नाव होतं, पण राखाडी, आणि दाबलं की एक ओळ येत होती, ‘हे गाणं आता उपलब्ध नाही.’

“नेटचा घोळ असेल,” तो म्हणाला आणि त्याने कानसेनला फोन लावला. मांडीवर बाळ होतं म्हणून फोन समोर ठेवून स्पीकरवर.

“अरे, मी तुलाच करणार होतो,” कानसेनचा आवाज खोलीभर झाला. “सकाळी कळलं. कंपनीने गाणं काढून टाकलंय. सगळीकडून. तुझं खातंही बंद केलं. म्हणतात, हे ऐकणं बनावट आहे, माणसं नाहीत यामागे. काय रे, कोणी सारखं लावून वगैरे ठेवलं होतं का?”

“छे,” तो म्हणाला. “कोण ठेवेल?”

“कोण म्हणजे? आम्ही!” मामा छाती पुढे काढून म्हणाले. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं. “दुकानातले सगळे जुने फोन तुझ्या गाण्याला लावलेत बाबा! सकाळी शटर उघडलं की पहिलं काम ते!”

“आमच्याकडे पण, रोज,” आत्या म्हणाली. “मी तर माळ्यावर ठेवते, मुलांचा हात लागू नये म्हणून.”

“माझा चमच्यांच्या खणात,” सासूबाई म्हणाल्या.

“दुपारी तर सगळ्यांचेच,” नणंद म्हणू लागली, “कारण दुपारी फोन मोकळे...” आणि भावाचा चेहरा बघून मध्येच थांबली.

फोनमधून कानसेन “अरे देवा” म्हणाला.

तिने बाळाला त्याच्या मांडीवरून उचललं. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तो सगळ्यांकडे बघत होता, रागाने नाही, लिफ्टच्या पेटीचं झाकण काढून आतल्या वायरी बघाव्यात तसा. कुठली कुठे गेली आहे, हे समजून घेत.

“आवाज बंद ठेवून?” त्याने विचारलं.

मामांच्या डोक्यावर कागदी टोपी तशीच होती.

“बरं, एक सांगा,” तो हसून म्हणाला, आणि ते हसू तिला बघवेना. “पहिली ओळ काय आहे? कोणीही सांगा. बक्षीस म्हणून केकचा मोठा तुकडा.”

आत्याने नणंदेकडे पाहिलं. नणंदेने मामींकडे. मामा म्हणाले, “चाल छान आहे रे एकूण.”

आपण आहोत की, तिला वाटलं. निदान एक तरी आहे. तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि स्पष्ट, मोठ्याने, शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली,

“वर जाणारे वर गेले, खालचे गेले खाली, मधल्या मजल्यावर माझी हाक अडकून राहिली.”

“वा!” मामा म्हणाले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नणंदेने टाळी वाजवली.

तो तिच्याकडे बघत होता.

“ती ओळ मी काढून टाकली होती गं,” तो हळूच म्हणाला. “रेकॉर्डिंगच्या आधीच.”

मग त्याने सुरी उचलली आणि केक कापून सगळ्यांना वाटला. ताईला पहिला, आईला मऊ भागातला, मामांना फुलासकट. मामा म्हणाले, “अरे, परत टाक तू गाणं, परत लावू आम्ही!” तो म्हणाला, “हो मामा.” निघताना सगळ्या मोठ्यांचा नीट निरोप घेतला. रस्त्यात एवढंच बोलला, “बाळाचे कान झाक, वारा आहे.”

घरी आल्यावर बाळ झोपलं तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “माझं चुकलं. मीच ताईंना सांगितलं होतं. आणि कानसेनने मला आधीच बजावलं होतं.”

“चुकलं काय त्यात,” तो म्हणाला. “आकडा वाढावा म्हणून केलंस. आणि मी तरी रोज आकडाच बघत होतो ना.” तो बूट काढत होता. नाडीची गाठ सुटत नव्हती. “फक्त त्या दुपारच्या माणसाची सवय झाली होती.”

असं काही म्हणाला नसता, चार शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

कानसेन दोनदा घरी येऊन गेला. “दुसऱ्या कंपनीकडून टाकू. नाव थोडं बदलू. मी बघतो सगळं.” यावर नवरा म्हणाला, “राहू दे.” कानसेनने खूप समजावलं, चिडला, ‘तुझ्यासारख्या माणसाने गिटारऐवजी ढोल घ्यायला हवा होता, डोकं तरी आपटता आलं असतं’ असंही म्हणाला. तो हसला. “राहू दे रे.” जाताना कानसेनने तिच्या फोनवर गाणं पाठवून ठेवलं. “तुम्ही तरी ऐका,” म्हणाला. टोमणा होता की विनंती, तिला कळलं नाही.

तिने बाळ सासूबाईंकडे दिलं, आतल्या खोलीचं दार लावलं आणि दोन्ही कानांत वायर घालून ऐकलं. आधी लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज. मग गिटार. मग तो, अगदी जवळ, हेल्मेटच्या आतल्यासारखा नाही, उघड्या तोंडाने गाणारा.

“कोणी विचारलंच तर सांगा, मी बरा आहे.”

ही पहिली ओळ होती. पुढे आणखी कडवी होती, तिचं त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग पुन्हा. चमच्यांच्या खणात, गल्ल्यामागे, माळ्यावर, हा माणूस दिवसभर हे एकच सांगत होता, आणि त्यांनी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता.

संध्याकाळी तिने त्याला दारातच गाठलं. “मी ऐकलं. पूर्ण. दोन्ही कानांनी.”

“हं. कसं वाटलं?” त्याने विचारलं. दुसऱ्या कुणाच्या गाण्याबद्दल विचारावं तसं.

“ती पहिली ओळ...”

“हो, ती चांगली झालीये,” तो म्हणाला आणि पिशवीतल्या चिंध्या धुवायला टाकून आत गेला.

आता सगळं ठीक आहे. तो कामावर जातो, येतो, जेवतो, बाळाला खेळवतो. गिटार कपाटावर आहे. नवं गाणं कुठपर्यंत आलं होतं, हे ती विचारत नाही. काय झालं म्हटलं तर काही नाही म्हणतो. मामांनी सगळे जुने फोन भंगारात दिले. नणंद फोन करते आणि हवापाण्याचं बोलून ठेवून देते.

तिने मात्र त्याच्या वाट्याच्या इमारतींमधल्या वॉचमन लोकांचे नंबर मिळवले आहेत. दुपारी एकेकाला फोन करते. “भाऊ, आमचे हे आलेत का तिकडे?” “आलेत ना वहिनी. काम केव्हाच झालं, वर गच्चीवर बसलेत.” “जेवतायत का?” “डबा तर नेलाय वर. वहिनी, नवऱ्यावर पाळत ठेवता काय?” तीही हसून म्हणते, “ठेवावी लागते हो, काळ वाईट आहे.” मग विचारते, “जरा वर जाऊन बघता का? माझं नाव नका सांगू.” काही जण जातात. काही म्हणतात, आत्ता गेटवर दुसरं कोणी नाही, वहिनी.

आणि इमारती किती! सगळ्यांचे नंबर तिच्याकडे नाहीत. कडेवर मूल आहे, तिला दर वेळी धावता येत नाही.

तेव्हा तुमच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली आणि कंपनीचा माणूस येऊन ती चालू करून गेला, पण खाली उतरताना काही तो दिसला नाही, असं झालं तर एवढं करा. वर गच्चीवर जा. पाणी हवंय का, म्हणून विचारा. तो उठून उभा राहील, हात पुसेल, बरा आहे म्हणेल. तेवढ्यावर लगेच खाली येऊ नका. थोडा वेळ तिथेच थांबा.